बहिणीच्या वाट्याची पपनसे

दुपारचे जेवण उरकून मी पडवीतल्या आरामखुर्चीत पाय लांब करतो आणि डोळे मिटण्यापूर्वी, सवयीप्रमाणे, एकेका वस्तूची खातरजमा करतो. छातीवर औषधाचे माहितीपत्रक पालथे पडले आहे. शेजारच्या तिपाईवर उद्याचे पपनस आहे, अखंड, देठासकट. आणि उजव्या मुठीत आजची गोळी आहे. ती मी गिळलेली नाही.

गिरिजा, माझी पत्नी, रोज जेवणानंतर समोर उभी राहून मला ही कोलेस्टेरॉलची गोळी घ्यायला लावते. आधी पाण्याचा घोट, मग तोंड उघडून जीभ दाखवणे, आणि मग शहाण्या मुलाला द्यावे तसे पपनस. तंत्रनिकेतनातून यंत्र शाखेची पदविका घेतलेल्या, घाटाखालच्या जलविद्युत केंद्रात सारी उमेद खर्च केलेल्या माणसाने म्हातारपणी जीभ बाहेर काढून दाखवायची. आज तेवढ्यात फाटक वाजले, ती वळली, आणि गोळी जिभेवरून मुठीत आली. उद्यापासून ती घ्यायचीच नाही, असा माझा निर्णय झालेला आहे. गिरिजाला तो कळवायचा नाही, असाही झालेला आहे.

या निर्णयाला कारण आहे. माझ्या मांड्या माझ्या राहिलेल्या नाहीत. खुर्चीतून उठताना हाताने शरीर वर ढकलावे लागते. शर्ट वाळत घालायला हात उंचावला तर खांद्यात कोणीतरी दोरी ओढून धरल्यासारखे होते. पाण्याच्या बाटलीचे झाकण मला फिरत नाही. ते गिरिजा फिरवून देते आणि दुसरीकडे बघते. उन्हाळ्यात डॉक्टरांनी गोळीची मात्रा वाढवली तेव्हा हे किरकोळ होते. गणपतीनंतर ते असह्य झाले.

डॉक्टरांना मी हे क्रमवार सांगितले. त्यांनी संगणकाच्या पडद्याकडे पाहत ऐकले आणि म्हणाले, "आजोबा, वय झालं आता." मी त्यांचा आजोबा नाही. शिवाय आमच्या केंद्रात एखादे बेअरिंग नेहमीपेक्षा दोन अंश गरम झाले तर पाळीवरचा माणूस धावत यायचा, आणि यंत्र चाळीस वर्षांचे असले तरी कोणी त्याच्या वयाची चौकशी करत नसे. कारण शोधले जाई. जेवढी दखल लोखंडाची घेतली जात होती तेवढी माझी घेतली जावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

औषधाच्या दुकानात तर आणखी मजा. मिक्सर विकत घेतला तर मराठीत पुस्तिका मिळते. काळजासाठी दिलेली वस्तू मात्र कात्रीने कापलेल्या पट्टीतून मिळते, आणि नाव व मात्रा छापलेला भाग नेमका दुकानदाराकडे राहतो. परवा मी माहितीपत्रक मागितले. पोरगेल्या दुकानदाराने हसत अख्ख्या खोक्यातून काढून दिले. मुंगीच्या पायाएवढी इंग्रजी अक्षरे. भिंग घेऊन मी ते कलमवार वाचतो आहे आणि तपासणी पत्रकावर करत असू तशी प्रत्येक कलमापुढे पेन्सिलीने नोंद करतो आहे. मद्यपान: लागू नाही. गर्भारपण: लागू नाही. ग्रेपफ्रूट नावाचे परदेशी फळ, ज्याने या औषधाचे रक्तातले प्रमाण वाढू शकते: लागू नाही. आमच्या बाजारात ते मिळत नाही.

पेन्सिल बोटांतून घसरते. अश्विनातले ऊन पडवीच्या कडेपर्यंत येऊन थांबले आहे. डोळे मिटल्याचे मला जाणवत नाही. अंगणात उतरणाऱ्या तीन पायऱ्यांखाली आणखी पायऱ्या आहेत, एवढेच दिसते. त्या लोखंडी आहेत. कठड्याला हिरवा रंग आहे, तो मीच लावून घेतला होता.

मी उतरतो. खालून पाण्याचा घुमारा येतो आहे. टर्बाइनचा मजला जवळ आला की तळपायाला कंप जाणवायचा, तसा जाणवतो आहे, पण तो मांडीपर्यंत पोचून तिथेच दुखत राहतो. मी कठडा घट्ट धरतो.

"काय दाजी, कठड्याची वरात काढलीया काय?"

खालच्या पायरीवर कल्लाप्पा बसला आहे. कल्लाप्पा गिरिजाचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा. गावच्या दूध संस्थेचा सचिव. दोन वर्षांपूर्वी, संस्थेच्या ओट्यावर दूध घेता घेता, छातीत कळ येऊन तो गेला. त्याच्या खांद्यावर नेहमीचा पंचा आहे आणि हातात दुधाचा नमुना घ्यायची लांब दांड्याची पळी. टर्बाइनच्या मजल्यावर हवाई चपला घालून येण्यास मनाई आहे, हे त्याला सांगावे असे मला वाटते. तो मेलेला आहे, हे मात्र सांगावेसे वाटत नाही.

"मी उतरतो आहे," मी म्हणतो.

"उतरताय म्हनायचं. आमच्या लग्नात ह्याच पायांनी फेटा बांधून नाचला हुता तुमी."

मी नाचलो नव्हतो, हे मी त्याला सुनावतो. तो मान डोलावतो आणि म्हणतो की आता कोणाला साक्षीला आणणार, जे बघणारे होते ते बहुतेक त्याच्याकडेच आहेत.

मजल्यावर पोचतो तर यंत्रे नाहीत. दूध संस्थेचा ओटा आहे, लोखंडी जाळीची खिडकी आहे, आणि रांग आहे. रांगेतल्या लोकांच्या हातात किटल्या आहेत, पण भिंतीवर दवाखान्यातला लाल आकड्यांचा फलक लागलेला आहे आणि आतून कोणीतरी एकामागून एक आकडे पुकारते आहे. कोणी कोणाशी बोलत नाही. माझ्याही हातात किटली आहे. ती जड आहे, आणि झाकण मला उघडत नाही.

कल्लाप्पा खिडकीच्या पलीकडे जाऊन बसतो. तो हात बाहेर काढतो, झाकण सहज फिरवतो, पळी आत बुडवतो. पळीत काय आले ते मी पाहत नाही. तो ते बाटलीत ओततो, यंत्राच्या नळीखाली धरतो आणि काचेवरचा आकडा वाचतो.

"फॅट चांगलं उतरलंय की, दाजी. म्हशीचं असतं तर दर पाडला असता."

"आकडा उतरला आहे, हे मला ठाऊक आहे," मी म्हणतो. "डॉक्टरही तेच म्हणतात. आकडा उत्तम आहे. आकड्याच्या खाली जो माणूस उभा आहे, त्याला उभे राहता येत नाही. त्याचा रकाना तुमच्या यंत्रात आहे की नाही?"

माझा आवाज चढतो. रांग माझ्याकडे पाहत नाही, त्यामुळे तो आणखी चढतो. मी सांगतो की आयुष्यभर मी अंडे खाल्ले नाही, मांसाला शिवलो नाही, तपकीर ओढली नाही, सकाळी फिरणे चुकवले नाही. नियमाने चाललेल्या माणसाला ही शिक्षा कोणत्या हिशोबाने मिळते, ते मला समजावून सांगावे. आणि शिक्षा म्हणून नको, उपचार म्हणून देताय तर उपचाराने मोडते काय आहे तेही पाहावे.

कल्लाप्पा शांतपणे बाटली विसळतो. मग जाळीला तोंड लावून, दुसऱ्या कोणी ऐकू नये असे बोलतो.

"माझंबी असंच दुखायचं."

हे मला ठाऊक आहे, आणि ठाऊक नसल्यासारखेच आहे. पहिला झटका येऊन गेल्यावर त्यालाही हीच गोळी सुरू झाली होती. तो गेल्यानंतर कपाट आवरताना गिरिजाला न फोडलेल्या पट्ट्या सापडल्या, एकावर एक नीट रचलेल्या. गोळी सोडल्यामुळेच तो गेला का, हे कोणी खात्रीने सांगू शकले नाही. पण त्या दिवसापासून ती माझ्यासमोर उभी राहते आणि जीभ बघते.

"कोणाला सांगितले का नाहीस?"

"इचारलं कुनी? डॉक्टर म्हनायचा, गोळी चालू हाय न्हवं. मी म्हनायचो, हाय. त्येनं कवा म्हटलं असतं की कल्लाप्पा, पाय दुखत्यात काय रं, तर मी काय लबाड बोललो असतो?"

"म्हणजे चूक त्याची."

"त्येचीबी. पर मेलो मी." तो पंच्याने हात पुसतो. "तुमच्या मुठीत काय हाय?"

मी मूठ पाठीमागे नेतो. शाळकरी मुलासारखे हे वागणे मला शोभत नाही, आणि ते मला त्याच क्षणी कळते. कल्लाप्पा हसत नाही. मला तो हसायला हवा आहे. त्याने म्हणावे, बरं केलंत दाजी, सोडून द्या. दोघांचे एकमत झाले म्हणजे निर्णयाला बळ येते. तो पळी पालथी घालून ठेवतो. फलकावर माझा आकडा लागतो, आणि खिडकीची जाळी फांद्यांची होते.

आम्ही त्याच्या घरामागच्या परड्यात, पपनसाच्या झाडाखाली उभे आहोत.

हे झाड त्याने लग्नानंतर लावले. दर वर्षी गौरीच्या सणाला त्याची फळे बहिणीच्या वाट्याची म्हणून आमच्या घरी येत. तो स्वतः पिशवी घेऊन यायचा आणि पहिले पपनस आमच्या पडवीत बसून सोलायचा. सुरी त्याला चालत नसे. देठापाशी अंगठा रोवून तो साल खालपर्यंत फाडत नेई, पण बुडाशी सुटू देत नसे. सगळ्या बाजूंनी फाडून झाली की साल कमळासारखी उमलून पडे आणि मधोमध फोडींचा गोळा उभा राही. मी सुरीने समान भाग करून कापतो. त्यावरून तो मला दर वर्षी ऐकवत असे की दाजी फळ खात नाहीत, फळाचे सुटे भाग करतात.

"औंदा लागली किती?" तो विचारतो.

"पोते भरून. तुझ्या मुलाने गौरीला टेम्पोतून पाठवली. एवढी कधी लागली नव्हती."

त्याचा चेहरा फुलतो. तो झाडाच्या बुंध्यावर हात ठेवतो. "मग? ताई खाती न्हवं?"

"तिला आंबट सोसत नाही. दात शिवशिवतात. तूही जाणतोस."

"मग कोण खातंय?"

"मी. रोज एक."

"रोज?"

मला हे समजावून सांगावे लागते. मेलेल्या भावाने लावलेल्या झाडाचे फळ बहिणीच्या घरी सडू द्यायचे नाही, असा गिरिजाचा आग्रह आहे. ते शेजारी वाटलेलेही तिला रुचत नाही. म्हणून गणपतीपासून मी नियमाने रोज एक संपवतो आहे. आवडीने म्हणवत नाही, कर्तव्य म्हणून. तीच सोयही आहे. गोळी कडू लागते, तिच्यामागून लगेच या फोडी येतात. एका हातात गोळी, दुसऱ्या हातात भावाचे फळ, अशी गिरिजा रोज माझ्यापुढे उभी असते.

हे वाक्य बोलून संपते आणि माझ्याच कानाला ते खटकते. चालत्या यंत्राच्या आवाजात एखादा सूर वेगळा लागावा, तसे. गणपतीपासून. मी ते पुन्हा मनात म्हणून पाहतो.

वर पाहतो. झाड लगडलेले आहे. प्रत्येक फळावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलेले आहे. मी जवळचे फळ हाताने वळवतो. अक्षर माझेच आहे, रेखाटन वर्गात घटवून घेतलेले सरळ, सुटे अक्षर. लागू नाही. दुसरे वळवतो. लागू नाही. शेंड्यापर्यंत सगळ्या फळांवर मीच लिहून ठेवले आहे.

जाड साल, पांढरा गाभा, कडवट रस. माहितीपत्रकातल्या त्या ग्रेपफ्रूटचे चित्र माझ्यापुढे कोणी धरलेले नाही, पण त्याचा भाऊबंद कोण असेल हे ओळखायला मला चित्र लागायला नको होते.

मी खाली बसू पाहतो. मांड्या बसू देत नाहीत. मग उभ्यानेच संतापतो. आमच्या केंद्रात पहिला नियम होता: एका वेळी एकच गोष्ट बदला, मग निरीक्षण करा. इथे दोन गोष्टी बदलल्या. उन्हाळ्यात मात्रा वाढली आणि भाद्रपदात पोते आले. दोष मात्र वयाला लागला. तू काय खातोस, असा साधा प्रश्न मला कोणी विचारला नाही. विचारला असता तर मी उत्तर दिले असते. उत्तरे देण्यात मी कधी कुचराई केलेली नाही. डॉक्टरांकडे वेळ नाही, दुकानदाराकडे फक्त कात्री आहे, छापणाऱ्याने परक्या देशाचे फळ लिहिले आणि तो मोकळा झाला. आणि ज्याने ते वाचले, त्याने पेन्सिल चालवली. रागवायला एक माणूस नेमका सापडत नाही, याचाच मला सर्वांत अधिक राग येतो.

"माझ्यावर रागवा की," कल्लाप्पा म्हणतो. "झाड माझं हाय. आनी मला आता काय हुतंय?"

"हे सिद्ध झालेले नाही," मी म्हणतो. "फळ नसतानाही दुखत होतेच. गोळीनेच दुखत असेल. दोन्ही मिळून असेल. तपासल्याशिवाय काहीही म्हणता येणार नाही."

"मग तपासा. तुमी इंजिनेर न्हवं? मूठ झाकून कसलं तपासताय?"

मी मूठ आणखी घट्ट आवळतो.

"ताईला सांगा," तो म्हणतो.

"काय सांगू? तुझ्या भावाच्या झाडाने तुझ्या नवऱ्याचे पाय धरले, असे? ती ते पोते देवासारखे जपते आहे, कल्लाप्पा."

"तसंच सांगा. वाईट वाटंल. रडंल." तो वर हात करून एक फळ तोडतो, देठ तुटल्याचा आवाज होत नाही. "मी पाय दुखत्यात म्हणून सांगितलं न्हाई तिला. आता ती म्हनती, माझंच ध्यान न्हवतं. दोन वर्सं झाली, अजून म्हनती. तुमाला ऐकू येत न्हाई, ती सैपाकघरात म्हनती."

तो परड्यातल्या दगडावर बसतो. अंगठा देठापाशी रोवतो. साल फाटत जाते, पुन्हा फाटत जाते, बुडाशी थांबते. त्याच्या अंगठ्यात किती जोर आहे, ते मी हेव्याने पाहतो. साल उमलते. परड्यात तो उग्र, गोड वास भरतो, आणि परडे हळूहळू आमच्या पडवीएवढे होत येते. दगडाची तिपाई झाली आहे. पायऱ्या पुन्हा तीनच आहेत.

सवयीने मी हात पुढे करतो. तो गोळा आपल्याकडे ओढून घेतो.

"न्हाई दाजी. ह्यो माझा. बहिणीच्या वाट्यात भावाचाबी एक घास असतोय."

तो एक फोड सुटी करतो. तोंडात टाकतो का, ते मला दिसत नाही. ऊन डोळ्यांवर आलेले असते.

"अहो," गिरिजाचा आवाज आहे. "अहो, ऐकताय का?"

मी डोळे उघडतो. ऊन पडवीत आत आले आहे, माहितीपत्रक जमिनीवर पडले आहे. गिरिजा पदराला हात पुसत तिपाईपाशी उभी आहे. ती माझ्याकडे पाहत नाही.

तिपाईवर पपनस उमललेले आहे. साल बुडाशी न तुटता चहूबाजूंनी खाली पडलेली आहे, कमळासारखी, आणि मधोमध फोडींचा गोळा.

"हे कुणी सोललं?" ती विचारते.

सुरी स्वयंपाकघरात आहे. माझ्या अंगठ्यांकडे तिची नजर जाते; आज सकाळीच तिने मला बाटलीचे झाकण उघडून दिले होते. ती पुढचा प्रश्न विचारत नाही. मीही तिला उलट विचारत नाही, कारण तिचे हात कणकेने भरलेले होते, हे तिच्या पदरावर दिसते आहे.

मी उजवी मूठ उघडतो. घामाने गोळी विरघळून तळव्याच्या रेषांत पांढरी उतरली आहे. तो हात मी तिच्यापुढे धरतो.

"गिरिजा, आजची गोळी मी घेतलेली नाही. तुला न सांगता सोडणार होतो. आता सोडणार नाही, पण डॉक्टरांकडे जायचे आहे. आजच संध्याकाळी, ही गोळी आणि हे पपनस दोन्ही घेऊन. मी काय खातो ते त्यांना ऐकावे लागेल. ते वय म्हणाले तर मी खुर्चीतून उठणार नाही. उठता येतही नाही. आणि निकाल लागेपर्यंत कल्लाप्पाचे फळ मी खाणार नाही. राग मानू नकोस."

तिचा चेहरा आधी माझ्या तळव्यावरच्या पांढऱ्या डागाने बदलतो आणि मग, बऱ्याच वेळाने, फळाच्या नावाने. ती माझ्याशेजारी पायरीवर बसते. उमललेले पपनस मांडीवर घेते. सालीच्या फाटलेल्या कडांवरून बोट फिरवते, जिथे अंगठा रोवला होता तिथे थांबते. मग फोडींचा गोळा हळूच फिरवून पाहते.

"यातली एक फोड नाही," ती म्हणते.

मी जिभेवर चव शोधतो. आंबट नाही, कडवटही नाही. मग तिने न सांगता मी तोंड उघडतो आणि तिला जीभ दाखवतो.